तळाला घातल्यालं नाव

आमचं घरमालक अक्षरं मोजून बोलायचं. खोटं न्हाई सांगत. तासगावात एका भांड्याच्या दुकानाफुडं त्येंचं लाकडी खोकं हुतं, त्या खोक्यावर बसून भांड्यावर नावं घालायचं काम करायचं. हातात ते छोटं मशीन धरायचं आन् गुर्रर्र करत टोपावर, परातीवर, कळशीवर, कुणाकडनं कुणाला ते समदं घालून द्यायचं. अक्षराला पैसं घ्यायचं. जन्मभर अक्षराला पैसं घेतल्यालं माणूस फुकट कशाला बोलंल. भाडं द्यायला गेलं की नोटा घेऊन "बरं" म्हणायचं, नळाला पाणी न्हाई म्हणून सांगितलं की "बघतो", आन् लेकरं लय दंगा कराय लागली की नुसतं बोट वर करायचं, ते बोट बी पांढरं पडल्यालं, मशीन धरून धरून.

आन् मी अशी, एकदा सुरू झाले की दम लागस्तवर बोलणारी, भ्या वाटलं की जास्तच बोलणारी, आन् मला तर कायम कशाचं तरी भ्याच वाटत असतंय. मालक मला म्हणायचं, "तुझ्या एका बोलण्यात माझं दोन रुखवत भरत्याल." येवढं लांब वाक्य त्येंच्या तोंडातनं मी लय कमी येळा ऐकलंय.

त्येंनी दोन खोल्या भाड्यानं दिल्या हुत्या. एकीत आमी, शेजारच्या खोलीत सविता, तिचा नवरा आन् त्येंची स्वरा. माझा नवरा बेदाण्याच्या शेडवर कामाला, सविताचा नवरा, त्येंला मी भाऊजी म्हणायची, बेदाण्याचा टेम्पो चालवायचा. सविता आन् मी एकाच वरसात बाळंत झालो. मधी एकच भिंत, तिची पोरगी रडली की माझी उठायची, माझी उठली की मग त्या दोघी मिळून रडायच्या आन् आमी दोघी भिंतीच्या दोन बाजूनं हसायचो. माझं माहेर औंधाकडं, आई न्हाई, बाळंतपणातलं काय बी असलं तरी मला सविताच आन् सविताला मीच. एकमेकीला इचारायचं, दोघींना बी काय म्हाईत नसायचं, तरी सांगायचं.

मालकांची बायको आमी बघितली न्हाई, ती लय वरसामागंच गेल्याली, मूलबाळ न्हाई. पण तिचं नाव रोज हातात यायचं. मालक काम शिकत हुते तवा त्येंनी घरातल्या भांड्यांवर बायकोचं नाव घालून घालून हात बसवला. त्यातली अर्धी भांडी त्येंनी भाडेकऱ्यांस्नी वापराय दिल्याली. माझ्या पळीवर तिचं नाव, सविताच्या उलथन्यावर तिचं नाव, न्हाणीतल्या बादलीच्या कडीवर सुदीक. सविता म्हणायची, आपण हिच्याच घरात नांदतोय की गं.

मालकांस्नी एक नाद हुता, लग्नाला जायचा. ज्याच्या लग्नाच्या भांड्यावर त्येंनी नाव घातलं त्याची पत्रिका मालकांस्नी यायचीच. आल्याली पत्रिका भिंतीवरच्या तारंत अडकवायचं. लगीनसराईत ती तार अशी भरायची की खाली वाकायची. आन् प्रत्येक लग्नाला मालक आहेर म्हणून एक भांडं न्यायचं. बाकीचं लोक आहेराच्या भांड्यावर नाव कसं घालत्यात, मोठं, म्होरल्या बाजूला, दहा फुटावरनं दिसंल असं. मालक आपलं नाव तळाला घालायचं, बारीक. मी इचारलं हुतं, मालक तळाला कोण बघतंय? म्हणलं, "घासणारी."

तवापास्नं कुठलं बी भांडं दिसलं की आमच्या दोघींच्या पोरी ते उपडं करून बघायला लागल्या, मालकांचं बघूनच. मालक सवताच तसं करायचं. पंगतीत वाढपी बादली घेऊन आला की मालक पानाकडं बघायचं सोडून वाकून बादलीचा तळ बघायचं. आमटी पानाबाहेर पडायची, त्येंचं ध्यान नसायचं.

आता सविताचं सांगते, मालकांचं सांगायचं म्हंजे तिचं सांगाय लागतंयच.

स्वरा वरसाची झाली न्हवती तवा सविताला छातीत गाठ निघाली. सांगलीच्या दवाखान्यात तुकडा काढून तपासला आन् डॉक्टर म्हणालं कॅन्सर हाय, लय फुडं गेल्याला न्हाई पण लहान बी न्हाई. आधी किमो, सा येळा, मग आपरेशन, मग किरणांचा शेक. सरकारी कार्डावर बरंच बसलं, पण एक इंजेक्शन बसंना, बाहेरच्या तपासण्या बसंनात, आन् जाणं-येणं, ऱ्हाणं, त्याच्या जोडीला भाऊजींचा टेम्पो रोज उभा. म्हंजे खर्च वाढला आन् कमाई बंद झाली. सविताचं मंगळसूत्र गेलं, मग कानातलं गेलं. दोन किमो झाल्या. तिचं केस गेलं, ती डोक्याला वढणी बांधून स्वराला म्हणायची, बघ आई पैलवान झाली.

तिसऱ्या किमोच्या आठ दिस आधी भाऊजी माझ्या नवऱ्याला म्हणलं, बंद करतो आता. तिला औंधाला यमाईला न्हेतो, नवस बोलतो, देवीच्या मनात असंल तर ऱ्हाईल. भिंतीपल्याड सविता हुती. तिला ऐकू गेलं असणार. भिंत एकच.

मला त्या दिवशी घरात बसवंना. पोरीला कडंवर घेतलं आन् चालत दुकानाफुडं गेले, मालकांच्या खोक्याम्होरं. मालक एका परातीवर नाव घालत हुते. मशीन चालू, मी बोलायला लागले, मशीनच्या आवाजात बोलायचं सोपं जातंय. मी म्हणले, मालक, ती गाठ सविताला आधीच लागली हुती. स्वरा सा म्हयन्यांची असताना तिनं माझा हात धरून लावला हुता, बघ गं, वाटाण्यागत लागतंय. आन् मीच म्हणले दूध धरलं असंल, माझं बी असंच झालतं, गरम फडक्यानं शेक, पोरीला त्याच अंगाला जास्त पाज. तिनं माझं ऐकलं मालक, चार म्हयनं तिनं शेकलं, डॉक्टरकडं जाते म्हणाली तवा मी म्हणले त्यात काय हाय, बायकांचं असतंयच, चार म्हयनं गेलं मालक, माझ्यामुळं गेलं, मी शाळा आठवीत सोडल्याली बाई, मला काय कळतंय म्हणून मी सांगितलं.

मशीन कवा बंद झालं मला कळलं न्हाई. माझा आवाज एकटाच ऱ्हायला हुता रस्त्यावर.

मालक म्हणले, "परात धर."

मी धरली. त्येंनी ऱ्हायल्यालं नाव पुरं केलं, फुंकर मारली, परात बाजूला ठेवली.

"तिसरं कवा?"

"पुढल्या बुधवारी."

"तुझा गडू आण."

माझ्या पोरीच्या बारशाला मालकांनी गडू दिला हुता, पितळंचा, तळाला नाव. माझ्या घरात नवं कोरं, कुणी वापरल्यालं न्हाई असं तेवढंच एक भांडं. मला आधी वाटलं त्येंना त्यातनं पाणी पायजे. मग मालक म्हणलं, आहेर परत घेतोय. समद्यांचा. पयला तुझा. दिल्याला आहेर परत मागत्यात का कुणी, आमच्यात तर असलं ऐकलं बी न्हाई, मेल्यावर सुदीक कुणी मागायचं न्हाई. मी म्हणले मालक, त्यापरीस वर्गणी गोळा करू, लोक देत्यात. मालकांनी मान हलवली. म्हणलं, "वर्गणी मागितली की लोक धा रुपयं देत्यात आन् तासभर सल्ला. हे माझं हाय. माझं मागतोय." मग मशीन पिशवीत घातलं आन् म्हणलं, "तुझं त्वांड लागंल. मला येवढं बोलाय जमायचं न्हाई."

अशी मी त्येंच्या संगं दारोदार फिरले. चार दिस. सकाळी पोरीला कडंवर घ्यायची, सविताला सांगायची शेडवर काम हाय, आन् मालकांच्या मागनं निघायची. तासगावात, आजूबाजूच्या गावात, मालकांस्नी प्रत्येक घर पाठ. वही न्हवती काय न्हवतं. दारात उभं ऱ्हायलं की मला हळूच सांगायचं, कळशी, थोरल्या लेकीच्या लग्नात. मग मी बोलायची. काय बोलायची ते घाबरून घाबरून पाठच झालं. आमच्या शेजारणीला असं असं झालंय, बुधवारी तिसरी किमो हाय, मालकांनी दिल्यालं भांडं परत द्या, न्हाई तर आज बाजारात त्याचं जे हुतंय ते द्या, वर एक रुपाया नगं.

लोकांचं कसं हाय, लग्नातलं भांडं घरातनं बाहेर काढायला बायका लय भित्यात, लक्षुमी जाती म्हणत्यात. म्हणून बहुतेकांनी पैसं दिलं. राग राग दिलं. एकीनं नोटा हातात न देता उंबऱ्यावर ठिवल्या. एक मास्तर हुतं, ते हसलं आन् म्हणलं, मालक म्हातारपणी डोक्यावर परिणाम झाला काय. मालकांनी त्येंच्याकडनं टोपाचं पैसं घेतलं आन् झाकणाचं बी मागितलं. झाकण वेगळं हुतं म्हणलं.

एका मळ्यात एक म्हातारी एकटीच हुती. मी बोलायला लागले, तिनं मला अर्ध्यातच थांबवलं. चुलीवर दूध तापत ठिवलं हुतं ते भांडं फडक्यानं धरून उतरवलं, दूध दुसऱ्या पातेल्यात वतलं, आन् भांडं उपडं करून मालकांम्होरं धरलं. तळ काळा झाल्याला, नाव दिसंना. मालकांनी अंगठ्यानं पुसलं, चटका बसला तरी पुसलं. बारीक अक्षरं दिसली. म्हातारी म्हणाली, "चाळीस वरीस रोज घासलं की रं बाबा हे नाव. न्हे." तिनं आमाला भांडं गरमच दिलं. मी ते पदरात गुंडाळून आणलं, पोटाला ऊब लागत हुती. पण ते भांडं मालकांनी मोडीत घातलं न्हाई. ते म्हागारी नेऊन दिलं, सविताचं समदं झाल्यावर.

आन् एक ते बंगल्यातलं. द्राक्षाचं मोठं बागायतदार, नाव सांगत न्हाई, दारात दोन गाड्या. त्येंच्या दोन पोरींच्या लग्नात मालकांनी दोन मोठ्या घागरी दिल्याल्या आन् तिसरीचं लगीन पंधरा दिसावर आल्यालं, त्याची पत्रिका मालकांस्नी आदल्याच आठवड्यात आली हुती. मालकांच्या खिशातच हुती ती. बाईसायब बाहेर आल्या, माझं ऐकून घेतलं, मधी एक शब्द बोलल्या न्हाईत, त्यामुळं मी जास्तच बोलत गेले. मग म्हणल्या,

"आवं मालक, लाज न्हाई का वाटत? दिल्यालं मागायचं?"

मी म्हणले, आवं काकी, त्ये सवतासाठी मागत न्हाईत. काकी म्हणल्या तू गप गं, कोण कुठली तू. मालक सरळ ओट्यावर गेलं. दोन्ही घागरी तिथंच, शोभंला ठिवल्याल्या. एक उपडी केली.

"नाव कुणाचं हाय?"

"तुमचंच हाय की."

"मग."

त्या आत गेल्या, पैसं आणलं, मोजून दिलं. मालकांनी घागर सरळ करून जागच्या जागी ठिवली, बाहीनं पुसून ठिवली. आमी पायरी उतरलो तवा मागनं काकींचा आवाज आला. "पत्रिका दिलीया ती ठिवून जावा. आमाला असला पावणा नगं."

मालक थांबलं. खिशातनं पत्रिका काढली. सोनेरी गणपती हुता तिच्यावर. पायरीवर ठिवली, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर एक खडा ठिवला. मग चालायला लागलं. मी रडायला लागले तर म्हणलं, "मोज. बुधवारचं झालं का बघ."

बुधवारचं झालं. त्याच्या फुडचं बी झालं. जी भांडी आली ती दुकानदारानं मोडीत घेतली, चांगला भाव दिला पण मालकांस्नी म्हणाला, मालक तुमी आमच्या धंद्यावर पाय दिला, आता आहेराचं भांडं घेताना लोक दहादा इचार करतील. मालकांनी पैसं रुमालात बांधून भाऊजींच्या हातात दिलं. भाऊजी म्हणलं मला कुणाची भीक नगं. मालक म्हणलं, "भाडं वाढवीन." कवाच वाढवलं न्हाई.

सविताला कुणी सांगितलं म्हाईत न्हाई. तिसऱ्या किमोहून आल्यावर तिनं मला जवळ बोलवलं, तोंडात फोड आल्याले, बोलाय येत न्हवतं नीट. म्हणली, तुझा गडू कुठाय? मी म्हणले माळ्यावर ठिवलाय. म्हणली, खोटं बोलतीस. मग माझा हात धरून बसली. त्याच हातानं मी तिची गाठ बघितली हुती. मला वाटलं आता सांगावं, माफी मागावी, पण समद्या गावात बोलले, तिच्याम्होरं जमलं न्हाई. आजपातूर मालक सोडून ते कुणाला सांगितलं न्हवतं. आज हितं लिवलं.

किमो पुऱ्या झाल्या, आपरेशन झालं, शेक झाला. दवाखान्यातल्या त्या इलाजाला बी शेकच म्हणत्यात, तो शब्द निघाला की मी उठून बाहेर जायची. सविता मधी चांगली झाली. केस आलं, पोरावाणी कुरळं. स्वराला कडंवर घेऊन नळावर यायला लागली. आमाला वाटलं सुटलो. मग पाठ दुखायला लागली आन् डॉक्टर म्हणालं हाडात गेलंय. बेदाण्याचा हंगाम चालू हुता, समद्या शेडवर माणसं कमी पडत हुती, त्या गडबडीत ती गेली. दुपारी, जेवणाच्या येळंला.

त्या दारोदार फिरण्यापास्नं मालकांची तार मोकळीच ऱ्हायली. दोन लगीनसराया गेल्या, एक पत्रिका न्हाई. वाजंत्री रस्त्यानं जायची तवा मालक खोक्यावरनं उठून उभं ऱ्हायचं, वरात फुडं गेली की बसायचं. काम बी कमी झालं, लोक दुसऱ्याकडनं नाव घालून घ्यायला लागलं. मला राहवलं न्हाई, एक दिवस जेवण घेऊन गेले तवा म्हणले, मालक, शेवटी गेलीच की ती. तुमचं समदं गेलं, लोकं गेली, आन् ती बी गेली. काय झालं त्याचं?

मालकांनी घास संपवला. म्हणलं, "दीड वरीस मिळालं. स्वरा आई म्हणायला शिकली."

मग पाणी प्यालं आन् तांब्या उपडा करून ठिवला.

सविता गेल्यावर वरसानं भाऊजींनी दुसरं लगीन केलं. पोरीसाठी, असं म्हणाले, खरं बी हुतं ते, एकटा बाप टेम्पोवर आन् पोरगी दिसभर माझ्यात. पण मला सोसलं न्हाई. पत्रिका घेऊन आले तवा मी आत जाऊन बसले. मालकांनी पत्रिका घेतली. बघत ऱ्हायले तिच्याकडं, मग तारंत अडकवली. एकटीच पत्रिका, तार हलली पण न्हाई.

मी लग्नाला जाणार न्हाई म्हणले. मालक धुतल्यालं धोतार नेसून, पिशवीत कळशी घेऊन दारात आलं. स्टीलची, चकाचक. मी सवयीनं हात फुडं केला आन् उपडी करून बघितली. तळाला काय न्हाई. म्होरं काय न्हाई. आत काठाला बी न्हाई. मी म्हणले, मालक, नाव घालायचं इसरलं की.

"न्हाई इसरलो."

"मग?"

मालक पायात चप्पल सरकवत म्हणले, "नाव असलं की परत मागता येतंय."

आन् निघाले. मी पोरीला कडंवर घेतलं आन् त्येंच्या मागनं निघाले. तेवढ्या लग्नात मालक पंगतीला बसले, वाढप्यानं आमटी वाढली तवा वाकून बादली बघितली न्हाई. जेवले नुसतं.

ह्या पौषात मालक गेले. झोपेतच गेले म्हणत्यात, सकाळी दुकानदारानं दार वाजवलं तवा कळलं. माणसं बेताचीच आली. ती मळ्यातली म्हातारी आली हुती, पोराच्या गाडीवर बसून. भाऊजींनी खांदा दिला. बंगल्यातलं कुणी आलं न्हाई.

परवा भाऊजींची नवी बायको माझ्याकडं आली, ती कळशी घेऊन, स्वरा तिच्या बोटाला. चांगली हाय बाई, मी उगंच तिच्याशी कमी बोलत हुते. म्हणली, ताई, समद्या भांड्यावर कुणाकुणाचं नाव हाय, ह्याच्यावरच न्हाई, कुणी दिलंय हे, मला कुणाचा आहेर कुणाला फेडायचा ते कळाय नगं का? दुकानात गेले तर मालकांच्या जागी एक पोरगा मशीन घेऊन बसलाय, म्हणाला घालून देतो, नाव सांगा.

मी सांगायला त्वांड उघडलं. मला म्हाईतच हाय मी कशी बोलते, एकदा सुरू झाले की. पण त्या बाईच्या हातात कळशी, शेजारी सविताची पोरगी. मी येवढंच म्हणले, आमच्या घरमालकांनी दिलीया. फेडायची न्हाई.

"मग नाव घालू का त्येंचं?"

"नगं. ऱ्हाऊ दे तशीच."

स्वरानं कळशी तिच्या हातातनं घेतली, खाली बसून उपडी केली, तळ बघितला. मालकांनी लावल्याली सवय. नाव न्हाई म्हणून तिनं बोटानं चाचपून बघितलं, मग तोंड जवळ न्हेलं. तळ चकाचक, त्यात तिचं त्वांड दिसाय लागलं. लय येळ बघत बसली. सविताचंच नाक हाय तिला.

मी म्हणले, सरळ कर गं ती, नळाला पाणी आलंय.